केंद्रावरून की गावावरून

११ नोव्हेंबर २००३
वसमतच्या आमच्या दूध संघात नवं सॉफ्टवेअर आलं एकदाचं! बसवणारा माणूस विचारतो, 'मॅडम, गाववार रिपोर्टला डेटा सोर्स कोणता? दूध गोळा होतं त्या केंद्राची आवक, की दूध घालणाऱ्या सभासदाचं गाव?' मी इथली एकटी ऑपरेटर. अध्यक्ष उत्तमराव हात झटकून मोकळे — 'ते तुमीच ठरवा, पुनमताई.' ठरवा म्हणे! रिपोर्टात जे गाव पहिलं येईल, त्याला दूध गार करायचं मशीन मिळणार आहे.

१३ नोव्हेंबर
दोन्हीवरून काढून पाहिला. केंद्रावरून काढला की आमचं गाव पहिलं — नेहमीसारखं. सभासदाच्या गावावरून काढला की शेजारचा बंजाऱ्यांचा तांडा पहिला! आमचं गाव पार खाली. तांड्यावर केंद्र नाही, त्यांचं दूध आमच्याच केंद्रावर पडतं. पैसे ज्याचे त्याला मिळतात, नाव मात्र आमचं. आणि केंद्राचे सचिव कोण? आमचे आबा, माझे वडील! बक्षिसाच्या ढाली घरात टांगल्यात, येणाऱ्या पाहुण्याला मीच कौतुकानं दाखवते. आयत्या बिळावर नागोबा! फार लाज वाटली.

१४ नोव्हेंबर
आबांना विचारलंच. म्हणाले, 'केंद्रावरून घे.' का, ते सांगेनात. 'सांगितलं ना एकडाव!' आणि ताटावरून उठले.

१५ नोव्हेंबर
गावावरून घेतला. बघू कोण काय करतं!

१७ नोव्हेंबर
सकाळी केंद्रावर तांड्याचा प्रेमदास सायकलला कॅन अडकवून आला. उन्हाळ्यात त्यांचं निम्मं दूध वाटेतच नासतं. त्याला मशीनचं सांगितलं. वाटलं, उडीच मारेल. त्यानं विचारलं, 'ताई, आबाला इचारलं का?'
'आबा काय संघाचे मालक आहेत?' — मी. चांगलं करायला जावं तरी लोकांना पटत नाही.

२४ नोव्हेंबर
सभेत रिपोर्ट वाचला. तांडा पहिला! टाळ्या पडल्या. आबांचे हात मांडीवरच राहिले. रिपोर्ट बोर्डावर लावला — मीच.

२६ नोव्हेंबर
आबा माझ्याशी बोलत नाहीत. आई इकडचे निरोप तिकडे करते.

२ डिसेंबर
संघाचं निम्मं दूध उचलणारा मिठाईवाला आला. बोर्ड वाचला. 'हे दूध तांड्याचं हाय? पाणी घालतेत ते लोक. गिऱ्हाईक शिवणार न्हाई. आपल्याला नको.' ह्याच दुधाचे पेढे विकून गब्बर झाला हा माणूस! 'तुमच्या गावचं दूध म्हंजे दूध!' असं मलाच म्हणायचा. त्याच्यासमोर फॅट मोजून दाखवलं. बघेना. तो गेल्यावर उत्तमराव माझ्यावरच घसरले. 'बोर्डावर लावायचं काहून नडलं व्हतं?'

३ डिसेंबर
तांड्याचं दूध घेणं बंद. मशीन आमच्या गावाला. सोर्स परत केंद्रावर केला — एवढंसं काम! पण वाचलेलं कोण विसरतं? प्रेमदास भरला कॅन तसाच परत घेऊन गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

४ डिसेंबर
आबा बोलले. 'प्रेमदासच्या बापाचं दूध असंच परत केलं व्हतं लोकांनी. तवापासून तांड्याचं दूध आपल्या गावाच्या नावावर घालून राहिलो. तुला सांगणार व्हतो, बाई. पण सांगितल्यावर तूबी तांड्याचं म्हणून त्या कॅनात वाकून पाह्यलं असतं.'