साऱ्या दीर्घिका थोट्या निघाल्या

तीर्थरूप दादास, धाकटीचा नमस्कार. वहिनीचे गुडघे कसे आहेत? (दुखतच असतील, तरी विचारते.) आम्ही बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

ह्यांची नजर पार अधू झालीय. वेधशाळेत कळलं तर कामावरून काढतील, आणि दिवसभर घरात बसलेला हा माणूस मला झेपायचा नाही. म्हणून दोघं मिठाची गुळणी धरून बसलोय. दुर्बिणीतून काढलेले दीर्घिकांचे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर येतात. (दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं अख्खं गाव, इतकं मला ह्यांनी सांगितलंय.) मधला गोळा केवढा, कडेला उजेड कुठवर पुसट होत जातो, गोळ्याला वळसेदार हात फुटलेत का, हे बघून खुणा करायच्या; पुढचं गणित मशीन करतं. हल्ली बघायचं मी, आणि हे शेजारी डोळे मिटून विचारणार. जिला कधी ब्लाउजचं माप धड घेता आलं नाही, ती आता आभाळाची मापं काढतेय.

बरेच दिवस सुरळीत चाललं. गोळा? आहे. हात? नाहीत. कड? पिंजलेल्या कापसासारखी. हे खूश, म्हणे तुला उपजत नजर आहे. (लग्नानंतरचं पहिलं कौतुक.) मग ह्यांच्या साहेबीणबाईंचा फोन आला. या खेपेच्या साऱ्या दीर्घिका गोल आणि थोट्या कशा, वर काही साथबीथ आलीय का, असं विचारत होत्या. त्यातल्या एकीचे हात म्हणे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. पुढच्या महिन्यात त्या घरी येऊन, समोर बसून काम बघणार आहेत.

ह्यांनी चाचपडत फोन जागेवर ठेवला. मग म्हणाले, "माझंच विचारायचं चुकलं असेल. तू कशी चुकशील?"

दादा, शिव्या घातल्या असत्या तर चार उलट ऐकवल्या असत्या. आता घास उतरत नाही. बाकी ठीक. नळ गळतोय.

तुझी,
धाकटी

ता. क. मला मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. दिवा, चंद्र आणि तुझे मेव्हणे, सगळे मला गोल आणि पिंजलेलेच दिसतात. ह्यांना बोलले नाही. दोघांत मिळून धड एक डोळा नाही हे कळलं तर खचतील. सहज आल्यासारखा ये आणि साहेबीणबाईंच्या आधी मला ऑपरेशनला ने.

आणखी एक. उत्तरात डोळ्यांबद्दल अवाक्षर काढू नकोस, पत्र ह्यांना मीच वाचून दाखवते. आणि लिहिशील ते मोठं लिही. नाही दिसलं तर मी मनचं वाचीन, आणि हे त्यावरही विश्वास ठेवतील.