चार मजली मऊ केक

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांना आता दुधात विरघळेल तेवढंच गिळवतं, हे वाचलं. नातीच्या लग्नाचा केक खाऊनच डोळे मिटणार म्हणतात ना, म्हणून तो त्यांच्या बेकरीच्या पद्धतीनं, अगदी मऊ करायचा ठरवलाय. पण तुझ्या भाचीला चार मजले हवेत. काल तीनच चढवले. खालचा दबला, मधला कलला आणि वरचा थेट जमिनीवर. आमचे हे म्हणाले, पंगत खालीच मांडू. मला हसू आलं नाही. मऊ केक उभा कसा ठेवायचा ते बाबांना विचारून कळव, नाहीतर घट्ट व्हायला मैदा वाढवते.

लोभ आहेच, तो तरी खचू नये.

तुझी,
गडबडी

७ मार्च

चि. गडबडीस,
अनेक आशीर्वाद.

बाबांचा आवाज बसलाय, तरी केकचं नाव काढताच उठून बसले. मैदा वाढवलास तर ती वीट होईल म्हणाले. वजन केकनं पेलायचंच नसतं. खालच्या प्रत्येक थरात जाड काड्या उभ्या खुपस, थराच्या उंचीइतक्याच काप, वर पुठ्ठा ठेव आणि त्यावर पुढचा थर. केक पूर्ण गार होऊ दे. गरमागरम केकवर क्रीम थापायची तुझी सवय ते विसरलेले नाहीत. एवढं सांगूनच दमले बिचारे. नंतर दूधही अर्धंच गेलं. मला काही खरं वाटत नाही गं, पण तू हात चालू ठेव.

सर्वांना आशीर्वाद, आणि तुला जरा जास्तच.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उभा राहिला. चारही मजले, दुपारभर. जरासा तिरका आहे, ती बाजू भिंतीकडे करीन. एक तुकडा दुधात टाकला, तर चमचा लागताच विरघळला. तो न चावता गिळून पाहिला. बाबांना नक्की जमेल. पोरीला मात्र धास्ती, गाडीतून हॉलवर नेताना खचला तर? दुधानं तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पितेय. लग्नाच्या केकमध्ये थोडा मैदा वाढव म्हणून मागे लागलीय. मी तिला गप्प केलं. लग्न लागलं की डबा घेऊन तशीच निघते. बाबांना म्हणावं, तोवर धीर धरा.

तुझा लोभ आहे म्हणूनच हे बळ आहे.

तुझी,
गडबडी

१७ मार्च

चि. गडबडीस,
अनेक आशीर्वाद.

काल दूध पिताना बाबांना ठसका लागला आणि दूध श्वासनलिकेत गेलं. आता नाकातून नळी घातलीय. तोंडानं काहीच द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पुढं कधी जमेल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते खाली बघून नाही म्हणाले. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. सकाळी माझा हात धरून विचारत होते, केक उभा राहिला का. राहिला म्हटल्यावर इतके खूश झाले, की मला तिथं थांबवेना. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

लग्न आटोपलं की लगेच ये. डबा आणू नकोस, त्यांना दिसेल. आणि पोरीचं ऐक. मैदा घाल, चांगला घट्ट कर. आता मऊ ठेवायचा तरी कोणासाठी?

तुझी ताई