कपाटातला राजमा

प्रिय सगुणाआत्या,

रविवारची दुपार आहे. चर्चमधून आलो, जेवणं झाली, तुझा जावई दीपक पेपर तोंडावर घेऊन आडवा झालाय आणि मी जेवणाच्या टेबलाशी तुला पत्र लिहायला बसलेय. तू गेलीस त्याला सात महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुझ्या कबरीवर फुलं ठेवून आले, तुझे स्वेटर वाटून टाकले, तुझा चष्मासुद्धा कुणाला तरी देऊन टाकला. तुझ्याशी बोलायचं तेवढं टाळत आले. आता टाळता येत नाहीये, कारण समोर एक प्लॅस्टिकचा कप आहे. त्यात ओला कापूस आहे आणि कापसातून राजम्याचे चार फिकट, लांबच लांब कोंब वर आलेत. हा कप मी शुक्रवारी शाळेच्या कचऱ्याच्या डब्यातून उचलून आणला.

नीट सुरुवातीपासून सांगते. तुला घाई कधीच नसायची.

उद्या पालक शाळेत मुलांचे प्रयोग बघायला येणार आहेत. टाइमटेबलवर ईव्हीएस लिहितात, आपण दोघी त्याला सायन्सच म्हणायचो, तर ते तिसरीचं सायन्स अजून माझ्याकडेच आहे. प्रयोग तोच, तुझा. तीन कपांत राजमा. एक कप खिडकीत, पाणी घालून. दुसऱ्यालाही पाणी, पण तो बंद कपाटात. तिसरा खिडकीत, पण कोरडा. मागच्या भिंतीवर माझं पोस्टर असतं, आता चांगलं छापून घेतलेलं, शाळेच्या नावासकट. त्यावर लिहिलंय की बी उगवायला हवा, पाणी आणि ऊन लागतं.

यंदा वर्गात तन्वी नावाची एक नवी मुलगी मदतीला आहे. प्रोबेशनवर आहे, त्यामुळे सारखी धावत असते बिचारी. शुक्रवारी शाळा सुटताना ती माझ्याकडे आली आणि खुशीत म्हणाली, "मैम, आपका अंधेरे वाला कप गड़बड़ हो गया था, उसमें सब उग गया था. मैंने बदल दिया."

आणि आत्या, मी तिला काय म्हटलं असेल? मी म्हटलं, थँक यू बेटा.

पर्स उचलली, गेटबाहेर पडले, बस स्टॉपवर उभी राहिले. बस आली, तिचं दार उघडलं, आणि माझे पाय काही उचलेनात. कंडक्टर ओरडला, मैडम, चलना है कि नहीं. मी परत फिरले. चौकीदाराला सांगितलं की मोबाईल राहिला. म्हणजे बघ, कप आणायलासुद्धा खोटंच बोलले.

तुला कळलंच असेल मी का परत गेले. तुला तर तेव्हाही कळलं होतं.

दहा वर्षं झाली त्याला. मी एकोणतीस वर्षांची, तुझ्याच शाळेत नवी, प्रोबेशनवर. तुझ्या निवृत्तीला एकच वर्ष उरलेलं. घरी मी तुला आत्या म्हणायचे आणि शाळेत सगुणा मैम. तूही मला तिथे अगदी मुद्दाम रूथ मैम म्हणायचीस आणि गालात हसायचीस. खरं सांगू? मला तुझी लाज वाटायची. माझ्या ट्रेनिंगमध्ये चार्ट होते, फ्लॅशकार्ड होती. आणि तू! घरचा पितळी तांब्या, टब आणि पिशवीभर किन्नू संत्री घेऊन वर्गात जायचीस. सालासकट किन्नू पाण्यावर तरंगतो आणि सोललेला बुडतो, एवढ्यासाठी चाळीस मुलांना ओलं करायचीस. एकदा तर मुलांचे ओले रुमाल कुठे लवकर वाळतात ते बघायला तू शाळाभर टांगलेस, आणि एक प्रिन्सिपल मॅडमच्या दाराच्या कडीला. मी स्टाफरूममध्ये तुला ओळखच दाखवली नाही त्या दिवशी.

पण मुलं कशी बसायची तुझ्या तासाला! तू आधी कधी उत्तर सांगायचीच नाहीस. कुणाला काय वाटतं, हात वर करा, म्हणायचीस. मग वहीत दोन रकाने. एकात, मला काय वाटलं. दुसऱ्यात, मी काय पाहिलं. पहिला रकाना चुकला तरी खोडायचा नाही, आणि दुसऱ्यात न बघितलेलं काही लिहायचं नाही, हे दोनच नियम होते तुझ्या वर्गात.

तेव्हाही असंच प्रदर्शन होतं. पोस्टर मी केलं होतं, थर्माकोलचं, तीन संध्याकाळी खपून. प्रिन्सिपल मॅडमनी ते पास केलं, वर शाबासकी दिली. तू चष्मा वर करून वाचलंस आणि हळूच मराठीत मला म्हणालीस, "ऊन कशाला गं? आपण मटकीला मोड आणतो ते काय गच्चीवर ठेवून? फडक्यात बांधून डब्यातच ठेवतो ना?"

मी काय उत्तर दिलं, आठवतंय? तुला आठवत असणारच. मी म्हटलं, "आत्या, ते घरचं झालं. हे सायन्स आहे."

माझ्याच तोंडचे शब्द. दर बुधवारी मटकीची उसळ खाणारी बाई मी!  तू नुसती म्हणालीस, बघू या.

आणि तुझ्या वर्गातला कपाटातला राजमा उगवला. नुसता उगवला नाही, खिडकीतल्यापेक्षा उंच झाला. फिकट, पिवळट, मान टाकलेला, पण उंच. मुलं नाचत होती. तू त्यांना सांगितलंस की आता रोप मोठं व्हायला ऊन लागेल, पण उगवायला लागलं नाही, हे आपण डोळ्यांनी बघितलं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी तुझ्या वर्गात पोस्टर लावायला गेले. तू घरी निघून गेली होतीस. मी पोस्टर वाचलं, मग कपाट उघडून कपाकडे पाहिलं. माझं कन्फर्मेशनचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं. पोस्टर बदलायला रात्र गेली असती, कप बदलायला दोन मिनिटं. नव्या कपात ओला कापूस घातला, डब्यातला भिजवलेला राजमा ठेवला आणि तुझा कप कचऱ्यात टाकला. त्यात मला तेव्हा काही वाईट वाटलं नाही, हे सगळ्यांत वाईट आहे. मला वाटलं, तुझी फजिती मी वाचवली.

जसलीन मात्र माझ्या लक्षातच आली नाही. सात-आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, समोरचे दात पडलेले. तिने कपाटातल्या त्या कपाच्या तळाला एक चांदणीचं स्टिकर लावलं होतं. पालक उभे, प्रिन्सिपल मॅडम उभ्या, आणि तिने तो कप उचलून उलटा करून पाहिला. कापूस खाली पडला. ती म्हणाली, "यह मेरा कप नहीं है. मेरा तो उग गया था."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण पोस्टरशेजारी मी उभी होते. मी खाली वाकले, तिच्या गालाला हात लावला आणि गोड आवाजात म्हटलं, "बेटा, तुम भूल गई हो."

लोक हसले. तीही हसली थोडी, मोठ्या माणसांचं बघून. तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतीस. तुझ्या हातात कुणाचा तरी किन्नू होता आणि तू तो सोलायची थांबली होतीस.

दुसऱ्या दिवशी जसलीनच्या वहीत तू दुसरा रकाना वाचलास. तिथे तिने आधी लिहिलेलं खोडून टाकलं होतं आणि लिहिलं होतं, अंधेरे में नहीं उगा. तू सगळ्या वर्गासमोर सांगितलंस की जसलीनचं बरोबर होतं, कप कुणीतरी बदलला, आणि जे बघितलं ते खोडायचं नाही. मग काय! तिचे वडील शाळेत आले. एक मॅडम एक सांगते, दुसरी दुसरं सांगते, मुलीने काय समजायचं? प्रिन्सिपल मॅडमनी आपल्याला दोघींना बोलावलं आणि विचारलं, कप कुणी बदलला. मी म्हटलं, मला माहीत नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, मलाही नक्की सांगता येणार नाही.

का गं म्हणालीस तसं? तुझ्याच नियमाप्रमाणे, की न बघितलेलं सांगायचं नाही? की मी भाची म्हणून? मी दहा वर्षं स्वतःला सांगत आले की तुला खरंच माहीत नव्हतं.

मॅडमनी ठरवलं की वय झालं, तुझ्याच हातून कप इकडचे तिकडे झाले असतील. तुझं सायन्स काढून मला दिलं. शेवटचं वर्षभर तू हिंदीचं सुलेखन तपासलंस आणि लायब्ररीचा तास घेतलास. टब आणि तांब्या रिक्षात घालून घरी आणलास. तीस वर्षांहून जास्त त्या वर्गात काढून तू अशी निघालीस. मला कन्फर्मेशनचं पत्र मिळालं आणि तू माझ्यासाठी शिरा केलास.

त्या संध्याकाळी आर. के. पुरमच्या याच क्वार्टरमध्ये, याच स्वयंपाकघरात, तू कढईवरून नजर न हलवता विचारलंस, "रूथ, तुला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, काय सांगायचं? चहा ठेवू का?

त्यानंतर तू तोंडाने कधीच विचारलं नाहीस. पण निवृत्त झाल्यावर तुझं ते एक सुरू झालं. कधी राजमा, कधी चणे, काहीतरी भिजवून ओट्याखालच्या कपाटात ठेवायचीस. आठवड्याने फिकट कोंबांचा पेला काढून या टेबलावर मांडायचीस आणि आपली भाजी निवडत बसायचीस. मी चिडायचे. काय पसारा मांडलायस आत्या, म्हणायचे आणि पेला उचलून ओतून टाकायचे. मला वाटायचं तू टोमणा मारतेस. शुक्रवारी कप हातात घेऊन बसमध्ये बसले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की तो टोमणा नव्हता. तू मला बोलायला जागा करून देत होतीस. कितीदा दिलीस! आणि मी दर वेळी पेला विसळून उपडा ठेवला.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात मी मनाशी ठरवूनच यायचे. तू तर तिथेही तशीच. माझ्या पावडरच्या डबीचा आरसा घेऊन छतावर उन्हाचा कवडसा पाडलास आणि नर्सला विचारलंस, आरसा जरासा तिरका केला तर तो कुठे जाईल, सांग बघू. तीही बिचारी हातातलं काम टाकून सांगत बसली. मी हसत होते आणि मनात म्हणत होते, आज नको, आज ती खुशीत आहे. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तुला मास्क लावला होता. मी तुझा हात धरून बसले आणि तेव्हाही बोलले नाही, कारण तुला उत्तर देता येणार नव्हतं, आणि मला उत्तर हवं होतं. मला माफी हवी होती, अशी मी स्वार्थी.

दर रविवारी मी पापकबुलीची प्रार्थना सगळ्या मंडळींबरोबर मोठ्याने म्हणते. आजही म्हटली. किती सोपं असतं गं ते सगळ्यांच्या आवाजात!

तर आत्या, तू विचारलं होतंस ना, काही सांगायचंय का म्हणून? हो, सांगायचंय. कप मी बदलला. तुझी फजिती वाचवायला नाही, माझं पोस्टर वाचवायला. तुझं सायन्स माझ्यामुळे गेलं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

एवढं लिहायला मला दहा वर्षं लागली आणि तुझं मरण लागलं. याबद्दल तू मला काय म्हणाली असतीस ते मला माहीत नाही. ते मी माझ्या मनाने लिहिणार नाही. बघितलेलं नाही ना.

बिचाऱ्या तन्वीला रागवायचं मला तोंड नाही. काल तिला फोन केला. म्हटलं, सोमवारी लवकर ये, माझी एक जुनी गोष्ट तुला सांगायचीय आणि तुझी काही चूक नाही, हेही सांगायचंय. ती घाबरली. मी घाबरले होते तश्शीच.

उद्याचं माझं ठरलंय. हा कप मी आता परत ओट्याखालच्या कपाटात ठेवणार, मटकीच्या डब्याशेजारी, आणि सकाळी मांडीवर घेऊन शाळेत नेणार, वर्गातल्या कपाटात त्याच्या जागी ठेवणार. पोस्टर काढून टाकणार, ते खूप महागाचं आहे म्हणून आताचे प्रिन्सिपल सर ओरडले तरी. पालकांसमोर मुलांना विचारणार, कुणाला काय वाटतं, हात वर करा. मग वर्गातलं कपाट उघडणार आणि जे असेल ते त्यांना बघू देणार. आणि त्यांना सांगणार की हा प्रयोग एका मॅडमनी पूर्वी याच वर्गात केला होता, त्यांचं बरोबर होतं, आणि तेव्हा कप मी बदलला होता.

जसलीन आता सतरा-अठराची असेल. जुन्या रजिस्टरमध्ये तिच्या घरचा पत्ता सापडला, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरचा. तिथले लोक बदली होऊन कधीच गेले असतील कदाचित. तरी मी जाईन. शेजारी विचारीन, सापडेपर्यंत विचारीन. आणि तिला सांगीन की बेटा, तू विसरली नव्हतीस.

तुझी, कप बदलणारी,
रूथ