इस्त्रीचा वास

४ जानेवारी

आलो एकदाचे. टेम्पोवाल्याने फाटकातून आत शिरताना जो नाकाला रुमाल लावला तो सामान उतरेपर्यंत काढला नाही. चहाला थांबा म्हटलं तर असा पळाला की स्वतःचा दोरही इथेच विसरला. बाबा मात्र ओट्यावर खुर्ची टाकून ऐटीत बसले होते. एका तापात त्यांचं नाक गेलं त्याला आता कित्येक वर्षं झाली. फुलं काय आणि फिनेल काय, त्यांना सारखंच. मी म्हटलं, बाबा, मैलापाण्याच्या प्रकल्पावर राहायला तुमच्याइतका लायक माणूस शोधून सापडायचा नाही. त्यावर म्हणाले की मग नोकरी मलाच द्यायची होती, तुला कशाला दिली. आई गेल्यापासून त्यांनी केलेला हा पहिला विनोद. मला तिथेच भरून आलं, पण सामान उचलायचं होतं.

घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी. मागे लिंबाचं झाड आणि त्याच्या पलीकडे गटाराचं चेंबर, लोखंडी झाकणाचं. फिटरकाका, वायरमन आणि सफाईवाल्यांनी मिळून घराला रंग मारलाय, नवे दिवे लावलेत. वरून कुणाचा हुकूम नव्हता, आपणहून केलं म्हणे. इतकं कौतुक माझ्या लग्नातही झालं नव्हतं. तेही टिकलं नाही, ते सोडा.

बाबा दादाकडे दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. वहिनी करायची सगळं, तिला नावं ठेवायला जागा नाही, पण ते बोलायचेच नाहीत. म्हणून हट्टाने घेऊन आले. इथे बोलते झाले की मला दुसरं काही नको.

झोपताना नेहमीप्रमाणे गुडघ्यांना बाम. त्यांना वास येत नाही, डोळ्यांतून पाणी माझ्या.

७ जानेवारी

कामाची ओळख झाली. गावाचं सगळं मैलापाणी उताराने वाहत आमच्या विहिरीशी येतं. विहिरीच्या तोंडाला जाळी आहे. तिच्यात गाव काय काय टाकतं ते अडकतं: चिंध्या, खेळणी, कंगवे, एकदा दातांची कवळी. तिचा मालक न्यायला आला आणि नळाखाली धरून लगेच तोंडात बसवून गेला, असं फिटरकाका शपथेवर सांगतात. विहिरीतून पंप पाणी वर चढवतात, मग वाळू खाली बसते, मग मोठ्या टाकीत खालून हवा सोडायची. तिथे जिवाणू घाण खातात. पुढच्या टाकीत तेच गाळ होऊन तळाशी बसतात, आणि त्यातला थोडा परत मागे सोडायचा, विरजणासारखा. वरचं नितळ पाणी नदीत. मी प्रयोगशाळेत नमुने तपासायचे आणि नदीत सोडण्याजोगं झालं की नाही ते सांगायचं.

मजा अशी की गाव अंघोळ करतं ती तास-दीड तासाने माझ्याकडे येते, साबणाच्या फेसासकट. मग भांडी, मग धुणी. शेजारणीलाही माहीत नसेल एवढं मला गावाचं कळायला लागलंय.

इथली एक रीत आहे. रोज सकाळी फिटरकाका एकेकाला विचारतात, वास कसला? आपण म्हणायचं, घाण. की लागा कामाला. मला वाटलं नवीन बाईची थट्टा चालली आहे. पण कारण खरं आहे. गटारातला वायू थोडा असला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की आधी नाकच मारतो. वास थांबला, हवा चांगली झाली असं वाटून माणूस खाली उतरतो आणि वर येत नाही. म्हणून घाण येतेय तोवर बरं. न आली तर सांगायचं, आणि चांगला वास आला तरी सांगायचं, त्याच दिवशी सुट्टी देऊन गावाबाहेर पाठवतात. मी विचारलं, इथे चांगला वास यायला काय अत्तराचं दुकान आहे? कुणी हसलं नाही. माझे विनोद असे फार पडतात, सवय आहे.

१४ जानेवारी

बाबांना वास आला!

दुपारी जेवायला घरी आले तर न्हाणीच्या दारात उभे, चेहरा लहान मुलासारखा. म्हणाले, इस्त्री कोण करतंय. ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरली की येतो तसा वास, न्हाणीतून. आई रोज सकाळी टेबलावर घोंगडी पसरून, हाताने पाणी शिंपडून त्यांचा ऑफिसचा शर्ट करायची. निवृत्त झाल्यावरसुद्धा करायची. कुठे जायचंय का, तर नाही, पण शर्ट मात्र कडक.

मी हुंगून पाहिलं. मला मोरीचीच घाण आली. पण वास भलताच वाटला तरी नाक जागं तर झालं. दवाखान्यात फोन करून विचारलं, ते म्हणाले असं होतं कधीकधी. आज बाबा दोन पोळ्या जास्त जेवले.

२१ जानेवारी

बाबा आता न्हाणीत स्टूल टाकून पेपर वाचतात. माझ्या अंघोळीचे वांधे झालेत, बाहेर उभं राहून विनवण्या कराव्या लागतात. पण बोलतात, केवढं बोलतात. आई लग्नानंतर पहिल्यांदा रुसली ती गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती. वरून मलाच विचारतात, तुला कशी माहीत नाही.

फिटरकाकांना काही सांगितलेलं नाही. ते मला विचारतात, बाबांना नाही. आणि मला घाणच येते, मी काही खोटं बोलत नाही. सांगितलं तर बाबांची रवानगी परत भिंतीसमोर.

२८ जानेवारी

हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच खोटं वाटायला नको.

बाबांचा निळा शर्ट न्हाणीतल्या खुंटीवर होता. काल मीच धुतला, वाळवला, चुरगळलेला तसाच टांगला. आज त्याला इस्त्री होती. बाहीवर घडी, कॉलर कडक. आमच्याकडे इस्त्री नाही. आईची इस्त्री दादाकडे आहे.

हात लावला तर शर्ट कोमट होता. ऊन न्हाणीत येत नाही.

बाबांना विचारलं. माझ्याकडे असं बघितलं की वेडीच मी. म्हणाले, तुझी आई केल्याशिवाय राहते का.

३० जानेवारी

बाबांचे डोळे बांधले आणि नाकाशी एकेक वस्तू धरली. खेळ म्हणून. कांदा, व्हिनेगर, फिनेल, त्यांचाच बाम. एकही ओळखता आली नाही. बामाची डबी तर नाकाला टेकली होती.

नाक आलेलं नाही. त्यांना जगातला एकच वास येतो, आणि तो मोरीतून येतो.

गॅसचं मीटर आणून मोरीवर धरलं. शून्य.

३१ जानेवारी

कामावरून आले तर बाबा मोरीच्या जाळीवर ओणवे, गाल फरशीला टेकलेला. हळू आवाजात बोलत होते. मधे थांबायचे, ऐकल्यासारखे, आणि पुन्हा. मला बघून गप्प झाले, जसं दोघांच्या बोलण्यात तिसरं कुणी यावं.

ती खाली आहे म्हणाले. तिला वर यायला जागा नाही म्हणाले.

१ फेब्रुवारी

फिटरकाकांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, पण नवल वाटल्याचं त्यात काही नव्हतं. ते बघूनच माझं डोकं फिरलं. खोदखोदून विचारलं तेव्हा बोलले.

क्वार्टर रिकामं राहिलं की तो वास गावात वर चढतो, घराघरांच्या मोऱ्यांतून. इथे कुणी राहिलं की इथेच थांबतो. गेल्या वर्षी घर रिकामं होतं. तेव्हा काकांच्या भावाला त्याच्या गेलेल्या मुलीच्या पावडरचा वास यायला लागला. त्याच्या घरामागच्या चेंबरपाशी चपला सापडल्या, तो नाही. त्यानंतर त्या भावाच्या बायकोला न्हाणीतून त्याच्याच दाढीच्या साबणाचा वास यायचा. तिला ओढून माहेरी पाठवावं लागलं.

ज्याचा वास येतो तो माणूस आत असतो, असं म्हणाले. जमिनीकडे बघत म्हणाले.

म्हणजे रंग मारला तो यासाठी. नवे दिवे यासाठी. मी थोबाडीत द्यायला हवी होती. उलट ते रडायला लागले. म्हणाले, आमचीपण पोरंबाळं आहेत, बाई. तुम्ही एकट्या येणार असं कळलं होतं, आणि तुम्हाला तर रोज विचारतच होतो. म्हातारे सोबत येतील हे ठाऊक नव्हतं. त्यांना आजच न्या, उद्यावर टाकू नका.

२ फेब्रुवारी

बाबा हलायला तयार नाहीत. बस स्टँडवर न्यायला रिक्षा आणली तर न्हाणीच्या चौकटीला धरून बसले. माझ्या हाताला चावले. माझे बाबा. पोस्टात असताना कुणाला अरे म्हणाले नाहीत.

दादाला फोन केला. परवा गाडी घेऊन येतो म्हणाला, त्याआधी कामातून सुटका नाही. मी ओरडले, तर तो म्हणाला, न्यायला कुणी सांगितलं होतं तुला.

मोरीत सिमेंट ओतलं. न्हाणीला कुलूप. बाबा दारापाशी बसून लहान मुलासारखे रडतायत. ती गुदमरेल म्हणतायत. त्यांची पिशवी भरून पलंगाखाली ठेवली. बामाची डबी वरच ठेवली, प्रवासात गुडघे दुखतात.

३ फेब्रुवारी

दुपार. फक्त नमुने घेऊन येते म्हणून गेले होते. बाहेरून कडी लावली होती, पुढच्या दाराला. मागच्या दाराचा कोयंडा उपटलेला.

चेंबरचं झाकण बाजूला. ते दोन माणसांनी आकडे लावून उचलायचं झाकण आहे. कडेला त्यांच्या चपला, नीट जोडून ठेवलेल्या. देवळाबाहेर ठेवतात तशा.

४ फेब्रुवारी

चेंबरचं पाणी शेवटी विहिरीतच येतं, म्हणून विहीर उपसली. दोर बांधून माणूस उतरवला. जाळीत काही नाही. त्या जाळीतून काडेपेटीसुद्धा सुटत नाही, मग माणूस कसा सुटेल. म्हणजे गेलेच नसतील आत.

आणि पलंगाखाली पिशवी नाही. बूटही नाहीत. चपला तिथे टाकून मला घाबरवलं आणि रागाने बस धरून दादाकडे निघाले असतील. असेच आहेत ते, हट्टी. माझा जीव थोडा तरी भांड्यात पडला. प्रकल्पाचे साहेबही म्हणाले, म्हातारी माणसं करतात असं.

दादा निघालाय. वाटेत भेटतील.

५ फेब्रुवारी

दादा आला. बाबा त्याच्याकडे पोचलेले नाहीत. तो पोलिसांत गेला, मग स्टँडवर, मग दवाखान्यांत.

पण पिशवी नेली आहे. माणूस मरायला पिशवी घेऊन जात नाही. बूट घालून जात नाही. बसमध्येच असतील, नाहीतर कुणाच्या तरी ओट्यावर —

कुणी ओळखीचं भेटलं असेल.

६ फेब्रुवारी

पहाटेपासून डोळ्यांतून पाणी येतंय. मला वाटलं, रडून रडून.

रडून नाही. झोंबतंय.

न्हाणीचं कुलूप काढलं. सिमेंटला तडा गेलाय, केसाएवढा. तिथून —

घाण नाही. मोरीची घाण अजिबात नाही. बाम. गुडघ्यांना चोळलेला, कढत, बाबांचा —

बसमध्ये नाहीत. ओट्यावर नाहीत.

दादा अंगणात गाडी वळवतोय. फिटरकाका खिडकीशी आलेत. विचारतायत, वास कसला. दोनदा विचारलं. खरं सांगितलं तर दोघं मिळून मला आत्ता गाडीत घालतील, आणि बाबा इथे —

घाण, म्हणाले मी.

बाबांना मी घाण म्हणाले.

गेले काका. मी आतून कडी घातली आहे. स्टूल अजून इथेच आहे, त्यावर बसूनच लिहितेय. आता इस्त्रीचापण येतोय. दोन्ही वास एकत्र, आई असताना घरात यायचे तसे. आणि तडा मघापेक्षा रुंद आहे, आतून कुणीतरी नखाने हळूहळू —