मागच्या प्लॉटची वाट

अण्णा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले, तीही बांधकाम परवानगीवरून. तुम्हाला याचं नवल वाटणार नाही. आपल्या घरात मायेचं बोलणंसुद्धा नियमाच्या आडूनच व्हायचं. लग्नानंतर नांदेडला माझ्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा पाणी पिऊन झाल्यावर तुमचं पहिलं वाक्य होतं, "मागून हवा न्हाई या घराला. खिडकी पाडून घ्या म्हणावं." ती हट्टानं कुणी पाडून घेतली नाही. मग आई एकटी राहिली म्हणून मी इथं परत आले आणि आई गेल्यावर इथलीच झाले.

आज सकाळी नगरपरिषदेचे इंजिनिअर येऊन गेले. तुमचं ओव्हरसियरचं टेबल आता त्यांच्याकडं आहे. मागच्या प्लॉटवरच्या चाचांना घरकुल मंजूर झालंय. चाचा म्हणजे आपले गाद्या भरणारे; तुमच्या माघारी म्हातारे झाले, पिंजायचं थांबवलं नाही. सरकारनं घर तर दिलं, पण ते बांधायला परवानगी लागते आणि परवानगीला घरापर्यंतचा रस्ता लागतो. मागच्या प्लॉटला आपल्या बाजूची वाट सोडून दुसरी वाट नाही, हे तुमच्याएवढं कुणाला माहीत. साहेबांनी आपल्या भिंतीपासून पलीकडच्या कंपाउंडपर्यंत फीत लावली. दुसरं टोक चाचांनी धरलं होतं. दोन फूट आठ इंच. मग त्यांनी आपल्या घराचा मंजूर नकाशा उघडला. नकाशात सहा फूट. त्यांनी नकाशाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "मॅडम, तुमचा कॉलम मी दर रविवारी वाचतो." त्यापेक्षा शिवी दिली असती तर परवडलं असतं.

ती वाट तुम्ही सोडलेली. खरेदीखतात तिचा शब्द नाही. तुम्ही प्लॉट घेतला तेव्हा मागची जागा विकली गेली नव्हती. तुम्ही भिंत कडेपर्यंत नेली असती तरी विचारणारं कुणी नव्हतं. पण मागं उद्या कुणीतरी राहायला येणार, त्यानं काय उडून जायचं का, म्हणून तुम्ही आपल्या नकाशात आपल्याच जागेतून सहा फूट काढून दिले. गाव हसलं. ओव्हरसियरनं दुसऱ्याच्या गाडीसाठी आपलं अंगण दिलं म्हणाले. आई तर वर्षभर म्हणत होती, "जगाला रस्ते देता, मला तुळशीला जागा द्या." मग तुळस तिनं डालड्याच्या डब्यात लावली आणि ती पायरीवर कायम आडवी यायची.

झोन म्हणजे काय ते मला तुम्ही स्वयंपाकघरात शिकवलंत. गावाच्या विकास आराखड्याचा तो भला मोठा कागद तुम्ही घरी आणायचात आणि चुलीपुढं पसरायचात, कारण घरात सपाट शहाबादी तेवढीच होती. राहायची जागा पिवळी, दुकानांची निळी, शेतीची हिरवी, आणि शाळेला, दवाखान्याला राखून ठेवलेले चौकोन. आई हातात परात घेऊन उभी आहे. "माझ्या चुलीचा झोन कोणता हाय तेवढं सांगा, न्हाई तर आज बिगरपरवाना जेवा." तुम्ही हसता आहात, चष्मा नाकावरून घसरतो आहे. मी विचारते, रानात घर बांधलं तर काय होतं? तुम्ही म्हणता, "काय व्हत न्हाई. पन मग नळ रानापर्यंत न्यावा लागतो, नाली न्यावी लागती, अन् पानी कुठं जायचं ते पावसाळ्यात तेच ठरवतं." एवढं सोपं. आज त्या शाळेच्या चौकोनावर मंगल कार्यालय आहे आणि हिरव्या पट्ट्यात प्लॉटचे दगड उभे आहेत. मी त्यावर पाच कॉलम लिहिले. लोक हसले. मंगल कार्यालयाच्या मालकानं तर कात्रण लॅमिनेट करून काउंटरवर लावलं.

हसवायची सवय जुनीच. दहावीत असताना शाळेच्या हस्तलिखितात मी तुमच्यावर लिहिलं होतं. एक ओव्हरसियर मरतो, स्वर्गाच्या दारात चित्रगुप्ताचा ओटा मोजतो आणि नऊ इंच बाहेर आलाय म्हणून नोटीस देतो. मुख्याध्यापकांनी ते प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं. तुम्हाला ते कुणीतरी ऑफिसात आणून दिलं असणार. मी डबा घेऊन आले तेव्हा तुमच्यासमोर एक कापडाचा व्यापारी बसला होता, जोतं एक फूट पुढं घेतलेला. "साहेब, एका फुटानं काय व्हतंय? गाव हाय हे, मुंबई न्हाई." तुम्ही म्हणालात, "हाव, म्हणून तर. मुंबईत तुम्हाला शेजारी ओळखत न्हाई. इथं रोज तोंड बघायचंय." तो गेल्यावर तुम्ही डबा उघडला, भाकरी मोडली आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "लई चांगलं लिहिलंस. हसवायला एकटं मानूस पुरतं. मोजायला दोन लागतात." मला तेव्हा ते रागावणं वाटलं नाही. मी शाबासकीच घरी घेऊन गेले.

आता माझं ऐका. सहा वर्षांपूर्वी मी वर मजला चढवला. मुलगा पुण्याहून परत येईल, सून येईल, त्यांना वेगळा जिना हवा, वेगळं न्हाणीघर हवं. जिना घरातून काढला असता तर बैठक लहान होत होती. नकाशा काढणारा म्हणाला, "मॅडम, वाट नकाशात आहे तशी दाखवू. नकाशा ऑफिससाठी असतो, घर तुमच्यासाठी." हेच वाक्य मी पूर्वी एका कॉलममध्ये दुसऱ्याच्या तोंडी घालून टाळ्या घेतल्या होत्या. तरी शेजाऱ्याची ना हरकत असलेली बरी म्हणून मी कागद घेऊन चाचांकडं गेले. चाचा कापसात बसलेले, भुवयांवर पांढरं. चाची आतून म्हणाल्या, "क्या लिखा है, पढ तो लो." चाचा म्हणाले, "अण्णाची लेक हाय ती. तिचा कागद काय वाचायचा? आपल्याला वाट कुनी दिली?" आणि सही केली. कागदावर लिहिलं होतं, की माझ्या बांधकामाला त्यांची हरकत नाही. किती बांधकाम, कुठं, हे मी लिहिलं नव्हतं. ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, अण्णा. शब्द निवडून खाणारी बाई आहे मी, मला ते चुकून राहिलं असं कसं म्हणू?

जिना आणि न्हाणीघर त्या वाटेवरच झालं. गादीची गुंडाळी वाटेतून निघेना, म्हणून चाचांनी कोपऱ्यावर पत्रा टाकून धंदा तिथं नेला. मला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट, इथं गिऱ्हाईक जास्त येतं म्हणाले. आणि मुलगा दोनदा आला. दोन्ही वेळा खालीच झोपला, वर उकडतं म्हणाला.

मग मागच्या वर्षी चाची गेल्या. दुपारची वेळ, लोक जमलेले. जनाजा रस्त्यावर आणून ठेवला, पण तो आत जाईना. आडवा करून पाहिला, तिरपा करून पाहिला. जिन्याच्या कठड्याला लागून त्याची पट्टी खरवडली, तो आवाज मी खिडकीतून ऐकला. शेवटी चौघांनी चाचींना चादरीत उचललं आणि एकामागं एक, अंग चोरून, त्या दोन फूट आठ इंचांतून बाहेर आणलं. चाचा सगळ्यात शेवटी आले. भिंतीचा आधार घेत आले, म्हणजे माझ्याच भिंतीचा. मी दारात उभी होते. कुणी माझ्याकडं बघितलं नाही, आणि गावात एवढी अदब अजून शिल्लक आहे याची मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या रविवारचा कॉलम मी खड्ड्यांवर लिहिला.

तर सकाळी साहेबांनी सगळं समजावून सांगितलं, अगदी तुमच्यासारखं. दोनच मार्ग. चाचांनी तक्रार द्यायची, की वाट अडवली आहे. म्हणजे साहेबांना माझ्या नावे नोटीस काढता येईल. किंवा मी स्वतः लिहून द्यायचं, की जिना आणि न्हाणीघर मंजूर नकाशाबाहेरचं आहे, मी काढून घेते. दोन्हींतलं काहीच आलं नाही तर आज संध्याकाळी घरकुलाची फाईल परत जाईल आणि ते घर यादीतल्या दुसऱ्या कुणाला मिळेल. चाचा फितीचं टोक अजून हातात धरून होते. म्हणाले, "तक्रार कुनाची? हिची? न्हाई हो साहेब. जाऊ द्या फाईल वापस. पत्रा हाय की डोक्यावर." साहेब म्हणाले, "चाचा, गेल्या पावसाळ्यात तुम्हीच सांगितलं ना, खाटेवर पातेली ठेवून झोपता म्हणून?" चाचा हसले. "पातेली रिकामीच व्हती तशी बी." मग मला म्हणाले, "बेटी, उन्हात उभी नको राहू. आत जा."

मी आत आले. जिना पाडला की वरचा मजला लोंबकळत राहणार, शिडी लावून चढायचा. पाडतानाचा फोटो गावभर फिरणार आणि ज्यांच्यावर मी लिहिलं ते सगळे चहा घेऊन बघायला येणार. मंगल कार्यालयाचा मालक तर खुर्ची घेऊन येईल. त्यांनी हसावं, त्यांचा हक्कच आहे. पण त्यांच्यात उभे राहून चाचाही माझ्यासाठी कळवळतील, ते मला सोसायचं नाही.

अर्ज चार ओळींचा आहे. "मी, खाली सही करणार" इथवर तीनदा गेले. आठशे शब्दांचा कॉलम मी एका बैठकीत टाकते आणि इथं सही करणारी कोण ते लिहून पुढं सरकत नाही. नगरपरिषद पावणेसहाला बंद होते. आता पाच वाजत आले आहेत.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. आणि तुमची आठवण आली म्हणून लिहायला बसले असं वरवर दिसलं तरी तेही खरं नाही, अण्णा. हे चालू आहे तोवर तो अर्ज लिहावा लागत नाही, म्हणून एवढं लांबवलं.