पाण्याकडची खोली

प्रिय वहिनी,

म्हणजे चूक माझीच. आवाज मी चढवला, फोन मी कापला, सगळं मान्य. पण भर आषाढातला रविवार, अंगणात गाडी लावायला जागा नाही, माणसं भाकरी-मासळीसाठी ताटकळत उभी, आणि तू चुलीवरचं कालवण उतरवून सगळ्यांना वरणभात वाढलास. का, तर पाण्याकडच्या खोलीत कळंबोलीचं कुणी येऊन बसलेलं, त्यांचा मुलगा धरणात गेलेला. एक गिऱ्हाईक तुझ्या तोंडावर म्हणालं, ही खानावळ हाय का सुतकाचं घर? हे तूच मला सांगितलंस आणि वर हसलीस. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, ती खोली काढून टाक, भिंत पाड, मोठा एसी हॉल कर. हे काय मी आज म्हणत नाही, दादा गेल्यापासून म्हणतोय. दर वेळी तू भांडायचीस. ह्या वेळी नाही भांडलीस. बरं, म्हणालीस, दसरा झाला की गवंड्याला बोलावते. तेव्हा मी फोन कापला. जिंकलेला माणूस फोन का कापतो, ते मला तेव्हा कळलं नाही.

फोनवर मी पाचव्या वाक्याला भांडायला लागतो, म्हणून लिहितोय. आठवी नापासाचं अक्षर आहे, सांभाळून घे. दीपेश, आपला विचुंब्याचा, शुक्रवारी इथून सुट्टीवर गावी येतोय. त्याच्या हातात देतो.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा खानावळ टेकाडावरच होती. आधीचं तू दादाकडून ऐकलंस, आणि दादा सांगताना निम्मं गिळायचा. खरी खानावळ खाली होती, आता जिथे धरणाचं पाणी आहे तिथे. आजीच्या सासऱ्यानं घातलेली. कुडाच्या भिंती, वर पेंढा. माथेरानला दूध, भाजी, कोंबड्या डोक्यावरून नेणारी ठाकर माणसं रात्री तिथे टेकायची आणि तांबडं फुटायच्या आत डोंगर चढायला लागायची. पथारी फुकट, भाकरीचे पैसे. धरण बांधायला घेतलं तेव्हा गुणाआजी नवी नवरी. तुळया, दारं, जातं, सगळं बायकांनी डोक्यावरून वर चढवलं. आजी म्हणायची, लोका घर बदलतान, आमी गिऱ्हाइकासकट बदलला.

पाणी आलं तशी सहलीची माणसं आली, आणि माणसं आली तशी बुडायला लागली. पहिला कोण बुडाला ते आजीला आठवायचं नाही, त्याचा बाप आठवायचा. घाटकोपरचा होता. भर पावसात काठावर बसून राहिलेला, कुणाचं ऐकेना. आजीनं त्याला हाताला धरून वर आणलं. मागच्या खोलीतली लाकडं आणि भाताची पोती बाहेर काढली आणि त्याला खिडकीशी बसवलं, कारण तो पाण्यावरची नजर काढत नव्हता. तेव्हापासून ती पाण्याकडची खोली. कायदे सगळे आजीचे. बसलेल्या मानसाला काय इचारायचा नाय, तो बोलंल तवा बोलंल. पैसं घ्यायचं नाय. आणि तो हाय तवर चुलीवर मासली चढनार नाय. धरणातली तर नाहीच, पनवेलच्या बाजारातला बोंबीलसुद्धा नाही. बाबा कुरकुरायचे, अगं आये, बोंबील समुद्राचा, त्याचा काय संबंध? तर म्हणायची, वास कुठल्या पान्याचा त्या बसलेल्याला कलतो का? अशी माणसं निघाली की ‘परत या’ म्हणायचं नाही, हा आणखी एक कायदा. मी लहानपणी एकदा सवयीनं म्हणून गेलो आणि आजीनं सगळ्यांदेखत कान पिरगळला.

आता दादाचं. हे आपण दोघं कधी बोललो नाही. खांदा कॉलनीच्या हेतलबेनचा मुलगा पाय घसरून धरणात पडला, तेव्हा दादा मिरच्या घेऊन बाजारातून येत होता. पिशवी आणि मोबाईल माझ्या हातात दिला, चपला काढल्या आणि गेला. त्यानं आधी कितीतरी जणांना बाहेर काढलं होतं, म्हणून मी पिशवी धरून नुसता उभा होतो. येईलच, असं वाटत होतं. मग तुला कुणी बसवलं नाही. तू आपली आपण पाण्याकडच्या खोलीत गेलीस आणि हेतलबेनच्या शेजारी चटईवर बसलीस. आणि आईनं, जिचा मुलगा पाण्यात होता तिनं, तुम्हा दोघींना गुळाचा कोरा चहा आणून दिला. काही विचारलं नाही. चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि डाळ टाकली. मी दारातून हे बघत होतो आणि मला वाटत होतं, ही बाई रडत का नाही, घराची खानावळ झाली की माणसाचं असंच होतं का?

हेतलबेनचा मुलगा संध्याकाळी मिळाला. ती गेली. दुसऱ्या दिवशी मुलाला अग्नी देऊन परत आली आणि पुन्हा तुझ्या शेजारी बसली, दादा मिळेपर्यंत. सगळं गाव म्हणालं, काय मोठ्या मनाची बाई. मला तिचा राग आला. पोरगं तिचं, त्याच्यापायी गेला आमचा. ती दर वर्षी येते, पैसे पुढे करते, आधी आई घेत नव्हती, आता तू घेत नाहीस, मग ती पदर खोचून तांदूळ निवडत बसते आणि तू तिच्याशी सासूच्या चुगल्या करतेस. मला ते बघवायचं नाही. मी पासपोर्ट काढला तेव्हा लोकांना वाटलं आखातात पैशासाठी चाललाय. मी त्या खिडकीपासून पळालो. आई गेली तेव्हाही चार दिवस राहिलो आणि परत इकडे.

वेणू तुला माहीत आहे. माझ्या खोलीतला केरळचा, आपण फोनवर बोलत असलो की मागून मुद्दाम बेसूर गायचा तो. गेल्या महिन्यात, त्या फोननंतर थोड्याच दिवसांनी, इथे डोंगरात पाऊस झाला. इथल्या नद्या वर्षभर कोरड्या, मोटारी त्यातूनच जातात, आणि पाणी येतं ते एकदम भिंतीसारखं. वेणू पाण्याचा टँकर घेऊन त्यात होता. टँकर सापडला, तो नाही. मी मेसमधून कुणाला न सांगता निघालो आणि काठावर जाऊन बसलो. पलीकडे खजुराची बाग होती. त्यातून एक म्हातारा आला. मला मोडकी अरबी येते, पण त्यानं काही विचारलं नाही. चटई टाकली, कहव्याची, म्हणजे बिनदुधाच्या कॉफीची, किटली ठेवली आणि पाण्याकडे तोंड करून शेजारी बसला. वेणू मिळेपर्यंत मी त्याच्याकडेच होतो. तो शेजारी नसता तर मी त्या पाण्यात उतरलो असतो, वहिनी. शोधायला नाही, नुसता. तेव्हा मला तू दिसलीस, चटईवर बसलेली, एका बाजूला हेतलबेन, दारात आई. तूही उतरली असतीस का, हे मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. माझ्यासाठी भिंत पाडू नकोस. माझं ऐकून तर मुळीच नको. गवंडी ठरवलाच असशील तर त्याच्याकडून गळके पत्रे बदलून घे आणि खिडकीची कुजलेली फळी नवी कर. हेतलबेनवरचा माझा राग गेलेला नाही, पण ती येईल तेव्हा तिला जेवल्याशिवाय सोडू नको. आणि पुन्हा असा रविवार आला, तर कालवण खुशाल उतरव. पत्रे, फळी आणि मासळी न शिजलेले रविवार, ह्या सगळ्यांसाठी दीपेशजवळ देतोय, रुपये पस्तीस हजार.

तुझाच दीर,
हृतिक