पंचफुलाचं रक्त साकळलं

मंचेरियल
१० डिसेंबर १९९४

प्रिय वनू,

तुझं कार्ड मिळालं. कापसाची वेचणी चालू आहे, थंडी कडाक्याची आहे, दवाखान्यात खोकला आणि पाठदुखीचे पेशंट फार आहेत, एवढंच लिहितेस. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. मी मात्र आज भरभरून लिहिणार आहे. चहा करून घे आणि दार लोटून बस.

दिवाळीनंतर हैदराबादच्या एका संस्थेतला व्यंकटेश नावाचा इंजिनियर आमच्या इस्पितळात एक पेटी घेऊन आला. रक्त साकळतं कसं, ते मोजायचं यंत्र. सोनोग्राफीत असतो तसाच, कानाला ऐकू न येणारा आवाज ते वापरतं. पण पोटावर नाही, छोट्या पेल्यातल्या ताज्या रक्तावर. आमचे भगवानराव सर हसले. म्हणाले, "अहो, पेल्यातलं रक्त मला डोळ्यांनीही दिसतं." तर तो शांतपणे म्हणाला, "सर, विरजण लागलं की नाही हे तुमच्या घरी कसं बघतात? भांडं जरासं हलवतात. मी रक्ताला आवाजानं हलवतो. पातळ असेल तर ते जास्त डुलतं, घट्ट व्हायला लागलं की कमी." साकळायला कधी लागलं, गाठ किती मजबूत झाली, टिकली की विरघळली, हे सगळं कागदावर एका रेघेत उमटतं. सरांनी परवानगी दिली, पण अट घातली: नुसतं मोजायचं, उपचारात लुडबूड नको. महिनाभर तो रोजच्या पेशंटांचं रक्त मोजत बसला. भूल देणारी मी टेबलाच्या डोक्याशी रिकामी बसलेली असते, म्हणून मीच त्याची शिष्य झाले. रेघ वाचायला शिकले.

गेल्या आठवड्यात पंचफुला आली. बेज्जूरकडची पोर, विशीची, पहिलटकरीण. नवरा मोतीराम इथे खाणीत आहे. बाळ अडलं होतं, सरांनी सिझर केलं. मुलगी झाली, खणखणीत रडली. आणि मग रक्त थांबेना. वनू, गर्भाशय दगडासारखं आवळलेलं होतं, टाके नीट पडले होते, कुठली शीर उघडी नव्हती. तरी प्रत्येक टाक्याच्या भोकातून रक्त झिरपत होतं. सलाईनची सुई टोचली तिथूनही. आमच्याकडे होत्या तेवढ्या बाटल्या चढवल्या. एक बाटली आत, तेवढंच बाहेर. बीपी लागेनासं झालं. पुढचं तुला सांगायला नको. सर म्हणाले, "पिशवी काढावी लागेल." पहिलं बाळंतपण, विशीची पोर, आणि तेवढं मोठं ऑपरेशन ती टेबलावर सोसेल याची खात्री कुणालाच नव्हती.

मी म्हटलं, "सर, आधी रेघ बघू." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता बाहेर काढतील. पण मान हलवली. मी रक्त काढून दिलं, व्यंकटेशनं पेला लावला. दाराशी उभा मोतीराम ते पाहत होता. घाबऱ्या आवाजात म्हणाला, "बाई, हे काय करून राह्यले तुमी? रक्तात काऊन लेकरू शोधून राह्यले?" पेटी सोनोग्राफीची आहे असं वाटलं होतं त्याला. हसू येण्याची ती वेळ नव्हती, पण आता लिहिताना येतं.

रेघ हलली, जराशी चढली, आणि सपाट झाली. सपाटच राहिली. म्हणजे रक्त साकळायला सुरुवात करत होतं, पण गाठ धरण्याची ताकदच त्यात उरली नव्हती. आम्ही ज्या बाटल्या ओतत होतो ते साठवणीचं रक्त. त्यानं रंग येतो, जोम येतो, पण गाठ धरायचा मसाला त्यात फारसा टिकत नाही. जेवढं ओतावं तेवढं तिचं स्वतःचं रक्त पातळ होत होतं. मी ओरडलेच, "सर, सुरी नको. ताजं रक्त हवं, आत्ताचं, माणसाच्या अंगातून काढलेलं!" सरांनी हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं, दोन्ही मुठींनी गर्भाशय दाबून धरलं आणि म्हणाले, "आण. तोवर मी सोडत नाही."

मोतीराम धावत सुटला. दुपारची पाळी सुटली होती. कोळशानं काळे झालेले, डोळे तेवढे पांढरे असे खाणकामगार आमच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. तेलुगू बोलणारे, मराठी, गोंड, सगळे. "माहं घ्या", "नादि तीसुको" असा नुसता गलका. गट जुळवून, तपासण्या करून रक्त घेतलं ते अजून कोमट होतं. चढवलं. पुन्हा पेला लावला. वनू, ती रेघ उठली! आधी भीत भीत, मग ताठ, आणि वर जाऊन टिकली. मी कागदावरून नजर काढून टेबलाकडे पाहिलं, तर सर मुठी सैल करून टाक्यांकडे बघत होते. कोरडे. सगळे कोरडे. सरांसारखा माणूस मास्कमधून मोठ्यानं म्हणाला, "धरलं रे, धरलं!" आणि बाहेर व्हरांड्यात शिट्ट्या वाजल्या.

काल पंचफुला चालत घरी गेली. पिशवी शाबूत, कुशीत लेक. मोतीरामनं व्यंकटेशला मिठी मारली तेव्हा पेटी पडता पडता वाचली.

आता खरं बोलते. पंचफुलाच्या टाक्यांतून रक्त झिरपताना मला पंचफुला दिसत नव्हती. मला रुक्माबाई दिसत होती, सात वर्षांपूर्वीची, तुझ्या टेबलावरची. तेव्हाही मीच भूल दिली होती. तेच आवळलेलं गर्भाशय, तेच सुईच्या भोकातून येणारं रक्त, त्याच बाटल्या. तू पुन्हा पुन्हा टाके तपासलेस, पिशवीही काढलीस, आणि ती गेली. त्यानंतर तू हातमोजे उतरवलेस ते कायमचे. नार्नूरला जाऊन खोकल्याची औषधं देत बसलीस, बाळंतीण आली की उटनूरला पाठवतेस. त्या दिवशी पंचफुलाचं ऑपरेशन संपल्यावर हात धुताना सर म्हणाले, "चारू, वनमालाचे टाके पक्के होते गं. मी तेव्हाच पाहिले होते. चुकलं नव्हतं तिचं काही. आपल्याला दिसत नव्हतं, एवढंच." एवढ्यासाठी हे पत्र. सर मार्चमध्ये निवृत्त होतात, आणि त्यांच्या जागेसाठी त्यांनी फक्त एक नाव सुचवलं आहे. व्यंकटेश पेटी इथेच ठेवून जातो आहे. रेघ मी वाचेन, हात तुझे हवेत. सोमवारी सकाळी आमची जीप नार्नूरला येईल. तू तिच्यात बसावंस, वनू.

तुझ्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
चारुशीला